सुकदेवला खरं सांगताना

आमच्या जीपच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘मानसिक आरोग्य कार्यक्रम’ असं लिहिलेलं होतं. त्यामुळे गावात शिरायच्या आधीच ड्रायव्हरला जीप थांबवायला सांगावं लागायचं. ती एखाद्याच्या दारात उभी राहिली, तर त्या घरातल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला तेवढं पुरेसं होतं. मग आम्ही गावाबाहेर, बहुधा एखाद्या द्राक्षबागेच्या कडेला उतरायचो आणि चालत घर गाठायचो. कोणी विचारलं तर बीपी तपासायला आलोय, असं सांगायचो. ते अगदीच खोटं नव्हतं, बीपीचं मशीन पिशवीत असायचंच.

नोकरीची बहुतेक वर्षं मी हे काम केलं. पदाचं नाव सायकिअॅट्रिक सोशल वर्कर. माझ्या सासूबाईंना ते शेवटपर्यंत सांगता आलं नाही, त्या ‘दवाखान्यात असते’ एवढंच म्हणायच्या. काम समजायला सोपं आहे. मनाच्या आजारावर डॉक्टर औषध लिहून देतात, सिस्टर इंजेक्शन देते, आणि त्यानंतर जे काही उरतं ते सगळं माझं. पेशंट गोळ्या घेतो की उशीखाली ठेवतो, घेत नसेल तर का, घरचे त्याला पंक्तीत बसवतात की ताट वेगळं देतात, हे सगळं मी बघायचं. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी निफाडच्या सरकारी रुग्णालयात आमची ओपीडी असायची, पुढच्या आठवड्यात घोटीला, मग आणखी कुठे. नाशिकपर्यंत येणं ज्यांना जमत नाही, त्यांच्याकडे आपण जायचं, अशी ती योजना.

कोरोना आला आणि ते सगळं एका फटक्यात थांबलं. आमच्या डॉक्टरांना कोविड वॉर्डात ड्यूटी लागली. जीप स्वॅबचे नमुने नेण्यासाठी गेली. ओपीडीच्या खोलीत ऑक्सिजनचे सिलिंडर रचले गेले. माझ्या हातात एक मोबाइल देण्यात आला आणि सांगितलं, की ही आता मानसिक आधाराची हेल्पलाइन. नंबर पेपरात छापून आला. पहिल्या आठवड्यात मला भाजीची गाडी कधी येणार, मालेगावला जायचा पास कुठे मिळतो आणि दारूची दुकानं कधी उघडणार, हेच लोक विचारत होते. दारूचं विचारणाऱ्यांना मी फोन ठेवू द्यायचे नाही. त्यांच्यातल्या काहींचे हात दारू तुटल्याने थरथरायला लागलेले असायचे, त्यांना खरोखरच दवाखान्याची गरज होती. अंबडच्या एका कारखान्यातला फिटर मशीन धुवायच्या सोड्याने हात धुवायचा. त्याच्या बायकोने फोन केला तेव्हा त्याच्या तळहाताची सालं निघाली होती. नाशिकरोडच्या एक निवृत्त बाई रोज सकाळी मला आदल्या दिवशीचे कोरोनाचे आकडे वाचून दाखवायच्या आणि मग म्हणायच्या, ‘आता मला जरा हलकं वाटतंय.’ मला मात्र तिथून पुढे दिवसभर जड वाटायचं.

पण माझी खरी काळजी जे फोन करत नव्हते त्यांची होती. ओपीडीतले आमचे जुने पेशंट. मनाच्या आजाराच्या गोळ्या थांबल्या की लगेच काही होत नाही, आणि तीच पंचाईत आहे. दोन आठवडे माणूस उलट ताजातवाना दिसतो, सुस्ती जाते, घरच्यांना वाटतं की बरं झालं, गोळ्या सुटल्या. मग झोप उडते. मग संशय सुरू होतो. तोवर आपण पोचलो नाही, तर वर्षानुवर्षांची मेहनत वाहून जाते. मी एकेकाला फोन लावत बसले. गावोगावच्या आशाताईंच्या हाती गोळ्या पोचवायची सोय केली, उपकेंद्रातल्या सिस्टरना महिन्याचं इंजेक्शन द्यायला तयार केलं. त्या सगळ्यांत सुकदेव होता. त्याच्याबद्दलच मला लिहायचं आहे. नावं मी बदलली आहेत.

सुकदेव निफाडच्या पुढच्या एका गावातला. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न झालेलं नाही. घरी आई, थोरला भाऊ रामनाथ, ज्याला सगळं गाव आण्णा म्हणतं, त्याची बायको आणि मुलं. तीन एकर द्राक्षबाग. द्राक्षाच्या गावात फवारणी सततच चालते. सुकदेव विशीत असताना त्याला वाटायला लागलं, की ही फवारणी बागेवर नाही, आपल्यावर होते. हवेत विष सोडतात. पांढरे कपडे घातलेली माणसं येणार आहेत आणि आपल्याला घेऊन जाणार आहेत. तो तोंडाला फडकं बांधून घरात बसायचा, खिडक्या शेणाने लिंपायचा. त्याची आई त्याला आमच्याकडे घेऊन आली तेव्हा तो वाळून काठी झाला होता. औषधांनी तो सावरला. बागेत काम करायला लागला, छाटणीत तर त्याचा हात फार चांगला होता. दर महिन्याला आईबरोबर यायचा आणि मी विचारायचे, ‘काय सुकदेव, हवेत काय आहे?’ तो हसून म्हणायचा, ‘काय नाय ताई, धुरळा.’

लॉकडाऊनमध्ये त्याला फोन केला. तो हळूच म्हणाला, “ताई, काल गावात ब्लोअर फिरवला. बागेचा ट्रॅक्टर, तोच. घराघरावर फवारलं. फवारणारा पांढऱ्या कपड्यात व्हता.”

मला पुढचं कळलं. जंतुनाशक फवारायला ग्रामपंचायतीने द्राक्षावर औषध मारायचे, ट्रॅक्टरला जोडलेले ब्लोअर वापरले होते.

“मी जे सांगायचो त्याला तुम्ही आजार म्हनले,” तो म्हणाला. “आता टीव्हीवाला तेच सांगतो. मंग मी तव्हा येडा व्हतो आन आता समदे शहाने?”

इतक्या वर्षांत मला पेशंटने विचारलेला हा सर्वांत अवघड प्रश्न असेल. आमच्या कामात एक गोष्ट मी काटेकोर पाळली, ती म्हणजे पेशंटशी खोटं बोलायचं नाही. त्याच्या भल्यासाठीसुद्धा नाही. संशयाच्या आजारात माणसाचा जगावरचा विश्वास उडालेला असतो. त्याने मोठ्या मुश्किलीने एका माणसावर ठेवलेला विश्वास तुटला, तर दुसरा मिळत नाही. म्हणून मी त्याला सांगितलं, की आजार खरा आहे, हवेतूनही येतो, फवारणीही खरी आहे. पण हे कोणी मुद्दाम करत नाही आणि कोणा एकावर करत नाही. सगळ्यांवर सारखंच आलं आहे.

“म्हंजे माझ्यासाठी नाय आलेलं.”

“नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि गोळ्या संपत आल्यात, असं स्वतःहून सांगितलं.

ते वर्ष असंच निघालं. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली आणि ती मात्र गावातल्या घराघरात शिरली. एका सकाळी आण्णाचा फोन आला. आईला चार दिवस ताप होता, आता बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन फार कमी दाखवत होतं, अॅम्ब्युलन्स दारात येऊन थांबली होती, आणि सुकदेव उंबऱ्यात आडवा बसला होता. हातात छाटणीची कात्री होती. तो कोणाला काही करत नव्हता, पण उठतही नव्हता. आण्णा म्हणाला, चार माणसं बोलावून त्याला बाजूला करतो. मी म्हटलं, हात लावू नका, मी येते.

डॉक्टरांना फोनवर सांगून, ओळखीच्या एका रिक्षावाल्याला घेऊन मी निघाले. रस्ता मोकळा होता, तरी तो संपत नव्हता. मला दोन भीती एकदम वाटत होत्या. एक म्हणजे, मी पोचेपर्यंत म्हातारीचं काही झालं तर. दुसरी, सुकदेवला कोणी धरायला गेलं आणि ती कात्री कोणाला लागली तर, एवढ्या वर्षांनी तो पुन्हा ‘वेडा’ होऊन पोलिसांच्या गाडीत बसणार.

पोचले तेव्हा अंगणात अॅम्ब्युलन्सबरोबर आलेले, पांढऱ्या पीपीई सूटमधले दोघं उभे होते. उन्हात त्या सूटमध्ये माणूस शिजतो, तेही वैतागले होते. दुसऱ्या गावचा पेशंट वाट बघतोय, असं सांगत होते. त्यांचं चुकत नव्हतं. मी त्यांना थोडं लांब, कडुलिंबाखाली जायला सांगितलं. सुकदेव उंबऱ्यात होता. आत खाटेवर त्याची आई दिसत होती, तिच्या खांद्यांची वरखाली होणारी हालचाल दारातूनही कळत होती.

माझ्या पिशवीत रुग्णालयाने दिलेला एक सूट होता. मी तो बाहेर काढला आणि त्याच्यासमोर घालायला लागले. हे बघ, आधी पाय. साडी खोचून घ्यावी लागते, म्हणून मी आज ड्रेस घातलाय. आता हात. आता चेन. मी बोलत राहिले, कारण चेहरा झाकला गेला तरी आवाज तुटता कामा नये, असं मला वाटत होतं. चष्मा लावला, टोपी ओढली. आत लगेच वाफ धरली आणि मला सुकदेव धूसर दिसायला लागला.

“आत तुम्हीच ना, ताई?”

“मीच. हवेत काय आहे, सुकदेव?”

तो हसला नाही. पण त्याने कात्री खाली ठेवली.

“ते दोघं पन आतून मानसंच?”

कडुलिंबाखालच्या एकाने स्वतःहून हात वर केला आणि आपलं गाव सांगितलं. चांदोरीचा होता. सुकदेवने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, “आईला परत आनाल?”

सगळे माझ्याकडे बघत होते. आण्णाने मला मानेने खूण केली, की हो म्हणा. एक ‘हो’ म्हटलं असतं तर दार मोकळं झालं असतं. माझ्या तोंडात तो शब्द आलाही होता. मी म्हटलं, “ते माझ्या हातात नाही. तिला फार त्रास होतोय आणि इथे तिला हवा देता येत नाही, तिथे देता येईल. पण तिचं काय चाललंय ते मी तुला रोज सांगेन. वाईट असलं तरी सांगेन.”

तो उठला. स्ट्रेचर त्याच्यासमोरून गेलं तेव्हा आईने तोंडावरचा मास्क जरासा सरकवून त्याला गोळ्या वेळेवर घ्यायला सांगितलं.

रोज सांगेन, असं म्हणणं सोपं होतं. त्या दिवसांत कोविड सेंटरमधून एका पेशंटची खबर काढणं म्हणजे काय, हे ज्यांचं माणूस आत होतं त्यांनाच ठाऊक आहे. फोन वाजत राहायचे, कोणी उचलायचं नाही. उचलणार कोण, हातच पुरत नव्हते. मी आमच्या डॉक्टरांमार्फत खबर काढायचे आणि संध्याकाळी सुकदेवला फोन करायचे. आज पेज घेतली. आज ताप कमी आहे. आज दम जास्त लागतोय. तो ‘बरं’ म्हणायचा आणि फोन ठेवायचा. 

मग तिला नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयात हलवलं. आण्णाने मला विनवून सांगितलं, की आता सुकदेवला काही कळू देऊ नका, आई बरी आहे एवढंच सांगा, तो बिघडला तर मी एकटा कुठे कुठे बघू. त्याचं म्हणणं मला पटत होतं, हे कबूल करते. आण्णा सकाळी बाग बघत होता, दुपारी औषधांसाठी नाशिकला येत होता, रुग्णालयाच्या फाटकाबाहेर झाडाखाली बसून राहत होता, आणि घरी गेल्यावर सगळ्यांना धीर देत होता. तरी मी सुकदेवला खरं सांगितलं, की आईला मोठ्या मशीनवर ठेवलं आहे आणि ती आता बोलू शकत नाही.  फोनवर मला फक्त मोटारीचा आवाज येत राहिला, बागेला पाणी चालू असावं.

ती गेली. डॉक्टरांनी मला सांगितलं तेव्हा मी हेल्पलाइनवर कोणाशी तरी बोलत होते, ते बोलणं मला पूर्ण करावं लागलं. त्या काळातल्या नियमाप्रमाणे देह घरी दिला नाही. आण्णाने नाशिकमध्ये लांबून, बांधलेली पिशवी तेवढी पाहिली. मी गावी गेले, कारण ही खबर फोनवर द्यायची नव्हती.

सुकदेव बागेत होता. खरड छाटणी सुरू होती, सगळी बाग बोडकी झालेली. मी सांगितलं. त्याने कात्री चालू ठेवली. दोन-तीन काड्या कापून झाल्यावर विचारलं, “तुम्ही पाह्यलं का तिला?”

“नाही. डॉक्टरांनी पाहिलं. त्यांनी मला सांगितलं.”

“जवळ कोन व्हतं?”

“एक सिस्टर होती.”

“पानी मागितलं का तिनं?”

“मला माहीत नाही, सुकदेव.”

त्याने मान हलवली आणि पुढच्या ओळीला गेला. मी बांधावर बसून राहिले. थोड्या वेळाने त्या बोडक्या वेलींच्या पलीकडून त्याचं रडणं ऐकू आलं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर मोठा दिलासाही वाटला. माणूस गेल्यावर रडता येणं ही आमच्या कामात चांगली खूण असते.

तरी पुढचे काही आठवडे मी धास्तावलेली होते. पांढऱ्या कपड्यातली माणसं आली, घेऊन गेली, आणि ज्याला नेलं ते माणूस परत आलंच नाही. त्याच्या आजाराने त्याला वर्षानुवर्षं जे सांगितलं होतं, तेच तंतोतंत घडलं होतं. आता हा पुन्हा त्या लिंपलेल्या खिडक्यांमागे जाईल, अशी मला खात्रीच होती. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली, उपकेंद्रातल्या सिस्टरने इंजेक्शन वेळेवर दिलं. मी फोन करत राहिले. त्याला झोप लागत होती. जेवत होता. रडतही होता. आण्णाची चौकशी मी केली नाही असं नाही, पण तो म्हणायचा, माझं काय, मी ठीक आहे. मी तेवढ्यावर पुढे जायचे. फोन खूप होते.

पावसाळा सरत आला तेव्हा सुकदेवचा फोन आला. इतक्या वर्षांत त्याने स्वतःहून मला कधी फोन केला नव्हता.

“ताई, आण्णाला बघता का? त्याला आजार झालाय.”

मला वाटलं कोरोना. तो म्हणाला, नाय, माझ्यावाला.

हळूहळू त्याने सांगितलं. आण्णाला झोप नव्हती. आण्णा म्हणत होता, त्या पिशवीत आई नव्हतीच. तिला कुठेतरी ठेवलंय, किडन्या काढून घेतात, गावात सगळे म्हणतात. दर दोन दिवसांनी तो मोटरसायकल घेऊन नाशिकला जायचा आणि वेगवेगळ्या रुग्णालयांच्या फाटकांवर आईचं नाव विचारायचा. एका ठिकाणी वॉचमनशी मारामारी झाली होती. घरात कोणी समजवायला गेलं की म्हणायचा, तुम्ही पाहिलं होतं का? बायको घाबरून पोरांना घेऊन माहेरी गेली होती.

“मी त्याला म्हनलो,” सुकदेव म्हणाला, “आण्णा, मला बी असंच वाटायचं. ते खरंच वाटतं. पन जरा थांबून कोनाला तरी इचारावं लागतं. तर त्यानं मला मारलं.”

“लागलं का?”

“थोडं. पन तुम्ही त्याला गोळ्या द्या.”

निफाडची ओपीडी त्याच सुमाराला पुन्हा सुरू झाली होती. ठरलेल्या दिवशी दोघं आले. आण्णा आत यायला तयार नव्हता. गावच्या सोसायटीचा संचालक, चार लोक त्याला ओळखणारे, तो त्या खोलीच्या रांगेत कसा उभा राहणार? तो फाटकापाशी, तोंडावर मास्क वर ओढून उभा राहिला. सुकदेवनेच त्याचा केसपेपर काढला, रांगेत त्याच्यासाठी थांबला, आणि नंबर आल्यावर बाहेर जाऊन त्याला हाताला धरून घेऊन आला. आण्णा फार खराब झाला होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. ज्याने मी घरी गेले की इतकी वर्षं मला धाकट्या भावाची हकीकत सांगितली, तो आज पेशंटच्या स्टुलावर बसला होता आणि सुकदेव शेजारच्या, घरच्यांसाठीच्या खुर्चीत.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, झोपेचाच काय तो त्रास आहे. मग अचानक माझ्याकडे वळून, “तुम्ही तरी पाह्यलं का, म्याडम? माझ्या आईला मेलेलं तुम्ही पाह्यलं?”

“नाही, आण्णा. मी नाही पाहिलं.”

“बघा,” तो डॉक्टरांना म्हणाला. “कोनीच नाय पाह्यलं.”

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात सुकदेव बोलला. त्याला त्या खोलीत, कोणी न विचारता, बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“मला पन तेच सांगितलं त्यांनी. नाय पाह्यलं म्हनल्या. खोटं बोलायचं असतं तर पाह्यलं म्हनल्या असत्या.”

आण्णा त्याच्याकडे बघत राहिला. त्या एका वाक्याने तो बरा झाला असं नाही. त्याला बरं व्हायला पुढे बरेच महिने लागले, मधे एकदा त्याने गोळ्या सोडल्या आणि पुन्हा नाशिकच्या फाटकांवर जाऊन आला. पण त्या दिवशी त्याने सगळं सांगितलं. पिशवी किती लहान दिसत होती ते सांगितलं. आईला पाठवायला आपणच घाई केली, ते सांगितलं. सांगता सांगता तो रडायला लागला. बाहेर रांग खोळंबली होती, तरी डॉक्टरांनी घाई केली नाही.

नंतर औषधांच्या खिडकीपाशी मी त्याला गोळ्या समजावून द्यायला गेले, तर ते काम आधीच चाललं होतं. सुकदेव एकेक पाकीट हातात धरून सांगत होता. ही जेवल्यावर. ही झोपताना, पण घेतली की गाडीवर बसायचं नाय. तोंड कोरडं पडेल, त्याला घाबरायचं नाय, जवळ तांब्या ठेवायचा. दोन आठवडे काहीच वाटनार नाय, तरी घ्यायच्या. आण्णा खाली मान घालून, शाळेतल्या मुलासारखा ऐकत होता. मध्येच त्याने विचारलं, तुला कसं कळलं, की आता बरं वाटतंय?

सुकदेवने पाकिटं पिशवीत भरली. म्हणाला, “मला नाय कळलं. आईला कळलं व्हतं. तुला मी सांगेन.”